बारावा तुकडा

बैठकीच्या खोलीला रंग द्यायचा, हे ठरायला त्या घरात एक मिनिट लागलं. कोणता द्यायचा, हे ठरायला तीन महिने लागले.

त्यात थोडा वाटा पेंटरचाही होता. हा पेंटर जुन्या वळणाचा. कंपनीचं रंगांचं पुस्तक तो जवळ बाळगत नसे. "पुस्तकातला रंग पुस्तकातच बरा दिसतो," असं म्हणून तो पांढऱ्या रंगात चार बाटल्यांतले थेंब टाकायचा, काडीनं ढवळायचा आणि काडेपेटीएवढ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फासून समोर ठेवायचा. किती थेंब टाकले, ते कुठे लिहायची त्याला सवय नव्हती. घरच्यांनी तुकडा पसंत करायचा, जपून ठेवायचा आणि कामाच्या दिवशी त्याच्या हातात द्यायचा. तुकड्याकडे बघत बघत तो बादलीभर रंग अगदी तसाच जुळवायचा. तीस वर्षांत त्याची एकही बादली चुकली नव्हती. फक्त तुकडा हातात हवा.

दर रविवारी तो एक तुकडा आणायचा आणि दर रविवारी तो नापास व्हायचा. आजीला पसंत पडला तर सूनबाई म्हणायच्या, "आई, छान आहे, पण दवाखान्यात बसल्यासारखं वाटेल." सूनबाईंना पसंत पडला तर आजी म्हणायची, "चांगला आहे की. फक्त पाहुणे आले तर त्यांना आत बोलवायचं नाही." भिंतीवरचा जुना रंग तर दोघींनाही डोळ्यांसमोर नको होता. ऊन आणि धूळ खाऊन तो पार पुसायच्या फडक्यासारखा झाला होता. आजीची पक्की समजूत होती, की तो रंग सूनबाईंनी लग्न ठरल्यावर निवडला होता. सूनबाईंची तितकीच पक्की समजूत होती, की तो सासूबाईंनी त्या यायच्या आधीच देऊन टाकला होता. बारा वर्षं दोघींनी एकमेकींच्या आवडीला मोठ्या मनानं सहन केलं होतं.

आणि मग बाराव्या रविवारी बारावा तुकडा आला. आजी म्हणाली, "हा चालेल." त्याच क्षणी सूनबाई म्हणाल्या, "हा बरा आहे." चिरंजीवांनी, म्हणजे आजीच्या मुलानं आणि सूनबाईंच्या नवऱ्यानं, एक क्षणही वाया न घालवता खिशातलं पेन काढलं आणि तुकडा उलटा करून दोघींच्या सह्या घेतल्या. ते एका कचेरीत कामाला होते. सहीशिवाय झालेलं एकमत किती टिकतं, हे त्यांना माहीत होतं. सही केलेला तुकडा भिंतीवरच्या घड्याळामागे खोचला गेला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या घरात सगळे एकत्र जेवायला बसले.

आधीचे अकरा नापास तुकडे आजोबांनी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जमवले होते. आजोबा निवृत्त ड्रॉइंगमास्तर. रंग लावलेला कागदाचा कपटाही त्यांच्यानं फेकवत नसे. "आज नाही तर उद्या कुणाला तरी लागेल," असं ते म्हणायचे.

ती वेळ शुक्रवारी संध्याकाळी आली. शनिवारी पेंटर येणार, म्हणून चिरंजीव सामान खोलीच्या मध्यभागी ढकलत होते. तेवढ्यात आजोबांची नात चित्रकलेची वही घेऊन आली. तिला घरात सगळे ठिपकी म्हणत, कारण कुठल्याही चित्रात जागा रिकामी उरली की ती तिथे ठिपके द्यायची.

"आजोबा, उद्या शाळेत प्रदर्शन आहे. 'आमचं घर' असं चित्र काढायचंय. आणि बाई म्हणाल्या, नुसत्या रंगपेटीनं नाही, घरातल्या वस्तू चिकटवून पण."

"मग रंगपेटी उघडूच नकोस," आजोबा म्हणाले. "घराचे रंग घरात शोध. मला सांग, हा कप कोणत्या रंगाचा?"

"पांढरा."

"आणि हा कागद?"

"पांढरा."

"मग कप कागदावर ठेव आणि बघ."

ठिपकीनं कप कागदावर ठेवला. वाकून बघितलं. मग उजेडाकडे नेऊन बघितलं. "आजोबा, कप निळा झाला."

"झाला नाही. होताच. तू आता बघितलास."

पुढचा अर्धा तास ठिपकी कागद हातात धरून घरभर फिरली. दही पिवळं निघालं. फ्रिज हिरवट निघाला. आजीचे केस पांढरे नसून तीन प्रकारचे राखाडी निघाले, आणि ते तिनं ओरडून सांगितल्यामुळे आजीनं तिला आधी अभ्यास करायला सांगितलं.

"हे बघ," आजोबांनी तिला जवळ घेतलं. "लांबून रंग ठरवायचा नाही. आठवणीवर तर मुळीच जायचं नाही. आठवण फार खोटारडी असते. आपल्याकडचा रंग उचलायचा, वस्तूजवळ न्यायचा आणि टेकवून धरायचा. नाही जुळला, तर डोळ्यांत खुपतो. जुळला, की दिसेनासा होतो. दिसेनासा झाला की समजायचं, जमलं."

"दिसेनासा होतो म्हणजे?"

"होईल तेव्हा कळेल."

मग साहित्य जमलं. कांद्याची सालं, गोळ्यांची चंदेरी पाकिटं, पेन्सिलीला टोक काढताना निघालेल्या झालरी, चहात भिजवून वाळवलेला कागद, चिरंजीवांच्या फाटक्या शर्टाची निळी कॉलर. रेषा काढायला विझलेल्या काड्या. आजोबांनी शेवटी तो पत्र्याचा डबाही तिच्यापुढे ठेवला. "यातले सगळे तुझे. हे कुणालाच नको आहेत."

डबा घेऊन ठिपकी सरकवलेल्या कपाटामागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आजोबांनीही तिला हाक मारली नाही. मूल कामात असलं की त्याला हाक मारू नये, हे ते चाळीस वर्षांत शिकले होते.

एक गोष्ट मात्र ते विसरले होते. डबा देण्याच्या थोडं आधी चिरंजीव म्हणाले होते, "दादा, तेवढं घड्याळ उतरवून ठेवता का?" आजोबांनी घड्याळ उतरवलं, मागून पुठ्ठ्याचा एक तुकडा पडला, आणि भावंडांपासून ताटातूट झालेलं ते पोर त्यांनी मायेनं उचलून डब्यात इतरांजवळ टाकलं. मागच्या सह्या त्यांना दिसल्या नाहीत. त्यांचा चष्मा ठिपकीनं डोळ्यांवर लावला होता. चष्म्यातून फ्रिज कसा दिसतो, ते तिला बघायचं होतं.

शनिवारी सकाळी ठिपकी चित्राची गुंडाळी घेऊन शाळेत गेली आणि नऊ वाजता पेंटर आला. पांढऱ्या रंगाची बादली त्यानं मधोमध ठेवली, चार बाटल्या ओळीनं मांडल्या आणि हात पुढे केला.

"द्या, वहिनी."

"अहो, द्या," सूनबाई चिरंजीवांना म्हणाल्या.

"घड्याळामागे आहे," चिरंजीव म्हणाले.

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर घड्याळ नव्हतं. घड्याळ सोफ्यावर होतं. त्याच्यामागे सोफा होता.

पुढचा पाऊण तास सोफा उलटा झाला, गाद्या झाडल्या गेल्या, चपलांचं कपाट रिकामं झालं, आणि केर भरायचं सुपडं आजीनं स्वतः वर्तमानपत्रावर पालथं केलं. चार वर्षांपूर्वी हरवलेली सुटकेसची किल्ली सापडली. सुटकेस मात्र दोन वर्षांपूर्वीच टाकून दिली होती. तुकडा सापडला नाही.

"वहिनी, मी घाई करत नाही," पेंटर म्हणाला, "पण सोमवारपासून मी हॉटेलच्या कामावर चाललो. अडीच महिने तिकडेच. आज पहिला हात, उद्या दुसरा. आज नाही लागला, तर मग असंच बसावं लागेल."

सगळ्यांनी खोलीच्या मध्यभागी रचलेल्या सामानाकडे बघितलं. चिरंजीवांना मात्र सामान दिसत नव्हतं. त्यांना पुढचे बारा रविवार दिसत होते. "अडीच महिन्यांनी या दोघी पुन्हा एका रंगावर येतील, असं तुला वाटतं?" त्यांनी पेंटरला हळूच विचारलं.

"मी रंगाचं सांगू शकतो, साहेब," पेंटर म्हणाला. "माणसांचं नाही."

सुपडं पालथं झालं त्याच वेळी आजोबांच्या डोळ्यांसमोर आदल्या दिवशीची संध्याकाळ उभी राहिली होती. घड्याळ, तुकडा, डबा, ठिपकी. ते म्हणाले, "मी जरा पाय मोकळे करून येतो," आणि चपला घालून थेट शाळेच्या दिशेनं निघाले. त्या वयात इतकं भराभर पाय मोकळे करणारा माणूस रस्त्यात दुसरा नव्हता.

इकडे घरात चिरंजीवांना एक युक्ती सुचली. कचेरीतल्या माणसाला सुचणारी युक्ती सहसा आणखी तीन माणसांना कामाला लावते.

"तुकडा नाही तर नाही. दोघींनी बघितलाय ना? आठवून सांगा. पेंटर करतील."

"आठवणीवर रंग होत नाही, साहेब."

"करून तर बघू."

"साय असते ना," आजी लगेच म्हणाली, "दुधावरची. तशी. पण ताजी नाही, सकाळची संध्याकाळी दिसते तशी."

पेंटरनं पिवळे थेंब टाकले.

"साय कसली, आई," सूनबाई म्हणाल्या. "बिस्किट होतं ते. चहात अर्धं बुडवलेलं. म्हणजे बुडलेला भाग नाही आणि कोरडा पण नाही. मधली रेघ असते ना, ती."

पेंटरनं तांबडे थेंब टाकले आणि आजीकडे बघून आणखी थोडे पिवळे टाकले.

"मला तर तो साधा पिवळाच वाटला होता," चिरंजीव म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्या नजरेबाबत तरी त्यांचं पूर्ण एकमत आहे, हे स्पष्ट झालं.

"साय पाहिजे, तांबूस नको," आजी म्हणाली. पांढरा पडला.

"आता एकदमच फिका झाला," सूनबाई म्हणाल्या. तांबडा पडला.

"थोडा काळा टाकला तर खरा वाटेल," चिरंजीव म्हणाले. तेवढ्यात पेंटरला शिंक आली आणि काळ्याच्या जागी निळ्याची बाटली आडवी झाली.

चौघांनी बादलीत डोकावून पाहिलं. बादलीत साय नव्हती, बिस्किटही नव्हतं. जे होतं ते गुलाबी म्हणावं तर नारिंगी वाटत होतं, आणि नारिंगी म्हणावं तर त्याच्या तळाशी कुठेतरी जांभळं काहीतरी हसत होतं. पेंटरनं काडी बाजूला ठेवली. "तीस वर्षांत पहिली बादली," तो हळूच म्हणाला.

तेव्हा सूनबाईंच्या लक्षात आलं. "काल आपली ठिपकी पुठ्ठे चिकटवत होती," त्या म्हणाल्या. "आणि दादा कुठे गेले?"

शाळेच्या सभागृहात चाळीस चित्रं दोऱ्यांना टांगली होती. ठिपकीचं चित्र सगळ्यांत मोठं होतं आणि जड झाल्यामुळे त्याला चार चिमटे लावले होते. चित्रात घर होतं. कांद्याच्या सालांचं छप्पर, चंदेरी पाकिटांच्या खिडक्या, कॉलरचं आकाश. आणि घरभर, दारांत, पायऱ्यांवर, माणसांच्या अंगावर, पुठ्ठ्याचे बारा तुकडे. ठिपकीनं डब्यातला एकही तुकडा उपाशी ठेवला नव्हता.

आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि दारावरच्या तुकड्याची कड अलगद उचलून मागे सही आहे का, ते बघायला वाकले.

"सर," मागून आवाज आला. "हात मागे, डोळे पुढे."

आजोबांनी दचकून हात मागे घेतले. हे वाक्य त्यांचंच होतं. चाळीस वर्षं प्रदर्शनात मुलांना ते हेच सांगत आले होते. आणि त्यांना ते आज सांगणाऱ्या चित्रकलेच्या बाई त्यांच्याच एकेकाळच्या विद्यार्थिनी होत्या.

"अगं, मी फक्त बघत होतो."

"किल्लीनं?"

आजोबा काही बोलणार, तेवढ्यात दारातून पेंटर आला. त्याच्या कोपरांपर्यंत तो विचित्र रंग लागला होता. त्याच्यामागे चिरंजीव, त्यांच्यामागे सूनबाई आणि सगळ्यांत मागून, पण सगळ्यांच्या आवाजावर आवाज चढवत आजी.

"सापडला का?"

"कुठे आहे?"

"दादा, तुम्हाला माहीत होतं का?"

पाचही जण चित्रासमोर ओळीनं उभे राहिले. तेव्हा नवीन अडचण समोर आली. तुकडे बारा होते आणि सह्या पाठीमागे होत्या. डिंकानं चिकटलेल्या.

"हा. पायरीवरचा," आजी म्हणाली.

"तो सातव्या रविवारचा, आई. त्यालाच तर तुम्ही पिठल्यासारखा म्हणाला होतात. हा असणार, मांजराचा."

"मांजर अशा रंगाचं कधी असतं का?"

"मला वाटतं," चिरंजीव म्हणाले, "हा पिवळा."

"तुम्ही बोलूच नका."

एवढी माणसं एका चित्रासमोर इतकी तावातावानं बोलताहेत म्हटल्यावर बाकीचे पालकही गोळा होऊ लागले. पहिला नंबर दिसतोय, अशी कुजबुज मागच्या मागे पसरली. एका गृहस्थांनी पुढे होऊन बराच वेळ चित्र न्याहाळलं आणि सूनबाईंना म्हणाले, "ते झाड फार आवडलं. वाकलंय, पण उभं आहे."

"झाड नाही ते," सूनबाई म्हणाल्या. "माझे मिस्टर आहेत."

गृहस्थांनी चिरंजीवांकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"बाई," चिरंजीव कळवळून म्हणाले, "एकच तुकडा काढायचाय. बारापैकी एक. फार तर तीनचार उचकटावे लागतील."

"प्रदर्शन संपेपर्यंत एकही नाही," बाई म्हणाल्या. "आणि त्यानंतरही मला विचारू नका. जिचं चित्र आहे तिला विचारा."

जिचं चित्र होतं ती गर्दीतून वाट काढत येत होती. आपल्या चित्रासमोर अख्खं घर जमलेलं पाहून ठिपकीचा चेहरा उजळला. मग सगळ्यांच्या नजरा पाहून तो हळूहळू उतरला.

"काढणार?" तिनं विचारलं.

आजोबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "चूक हिची नाही," ते म्हणाले. "घड्याळामागचा तुकडा मीच डब्यात टाकला. आणि डबा मीच हिला दिला. म्हटलं, हे कुणालाच नको आहेत. रागवायचं असेल तर मला रागवा, पण चित्राला हात लावू नका."

"दादा," चिरंजीव म्हणाले, आणि पुढे त्यांना काही सुचलं नाही. आजीला मात्र सुचलं. "घरी चला, मग बघते," ती आजोबांना म्हणाली.

"कोणता तुकडा?" ठिपकीनं विचारलं.

"आजी आणि आईनं ज्याच्यावर सह्या केल्या होत्या तो, बेटा. तुला दिसल्या का सह्या?"

"हो. त्यावर दोघींची नावं आहेत. तो मी भिंतीला लावलाय." तिनं घराच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे कपाट काढलं होतं आणि कपाटाच्या कडेनं एक तुकडा अर्धा बाहेर डोकावत होता. मघापासून पाच जणांत कुणीच त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

पेंटर वाकला. हात मागे बांधून, नाक चित्राला लागेपर्यंत. "हाच," तो म्हणाला. "हाच माझा बारावा."

"मग काढावाच लागेल," चिरंजीव पुटपुटले. "घरी नेल्याशिवाय बादली कशी जुळणार?"

"पण काढायचा कशाला?" ठिपकी म्हणाली. "हा रंग घरी आहे की. केवढा तरी मोठ्ठा."

"घरी कुठे?"

"कपाटामागे. मी सगळे तुकडे भिंतीला टेकवून बघितले. आजोबांनी सांगितलं होतं तसं. बाकीचे सगळे खुपले. हा टेकवला आणि दिसेनासा झाला. मला तर वाटलं, हातातून पडला. म्हणून मग मी त्याचीच भिंत केली."

पाचही जण एकदम चित्रातल्या कपाटाकडे वाकले.

"कपाट तिथे किती वर्षं होतं?" पेंटरनं हळू आवाजात विचारलं.

"लग्नात आलं ते," सूनबाई म्हणाल्या. "बारा वर्षं. त्याच्यामागे ऊन जात नाही, धूळ जात नाही."

"म्हणजे जुना रंग जसाच्या तसा," आजोबा म्हणाले.

आजीनं सूनबाईंकडे पाहिलं. "म्हणजे आपण दोघींनी मिळून, सह्या करून, तुझाच रंग पसंत केला."

"माझा? माझा कसा? मी यायच्या आधी तुम्ही दिलेला तो."

"मी? मी तर म्हटलं, नव्या सुनेची आवड आहे, राहू दे."

"आणि मी म्हटलं, सासूबाईंची आवड आहे, कशाला बोला."

दोघी एकदमच पेंटरकडे वळल्या. पेंटर डोक्यावरची टोपी काढून तिच्याकडे बघत उभा होता.

"तेव्हा घरात लग्नाची गडबड होती," तो म्हणाला. "मी विचारलं, कोणता देऊ? ज्याला विचारावं तो म्हणायचा, द्या हो कोणताही. मग मला आवडला तो दिला."

"आणि तीन महिने तुम्हाला आठवलं नाही?"

"बारा वर्षांत किती भिंती झाल्या, वहिनी. डोक्याला नाही आठवलं. हाताला आठवलं असणार."

आजी आधी हसली. तिला हसताना पाहून सूनबाईंना राहवेना. "काखेत कळसा," आजीनं डोळे पुसत म्हटलं.

"आणि तीन महिने वळसा," सूनबाईंनी पुरं केलं. मागच्या पालकांनीही कारण न विचारता हसून घेतलं. चिरंजीवांनी आधी दोघींकडे आणि मग चित्रातल्या वाकलेल्या झाडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या कण्याला जरा आराम पडला.

दुपारी पेंटरनं नवी बादली उघडली आणि कपाटामागे बसून रंग जुळवला. शेवटी काडीच्या टोकावरचा थेंब भिंतीला टेकवला. थेंब दिसेनासा झाला. "जमलं," ठिपकी म्हणाली. पेंटरनं तिच्याकडे पाहून मान हलवली. बादली जमली की नाही, हे त्यानं आजवर दुसऱ्या कुणाला ठरवू दिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत चारही भिंतींना पहिला हात लागला. फक्त कपाटामागची तेवढी जागा सोडली. "तिथे आधीच दिलाय," पेंटर म्हणाला.

राहिली ती सकाळची चुकलेली बादली. तिचं काय करायचं, ते कुणाला कळेना. फेकवत नव्हती, ठेववत नव्हती. ठिपकीनं विचारलं, "मी घेऊ?" आणि स्वयंपाकघराकडे जायच्या बोळातली भिंत तिला मिळाली, कारण त्या भिंतीकडे कधीच कुणी बघत नसे. पेंटरनं वरचा भाग केला, आजोबांनी मधला, आणि हात पोचेल तिथपर्यंत ठिपकीनं. उरलेल्या जागेत ठिपके देऊ नकोस, असं तिला तीनदा सांगावं लागलं.

रविवारी दुपारी चित्रकलेच्या बाई चित्र परत द्यायला आल्या. चित्राच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीनं मोठी बरोबरची खूण होती आणि खाली लिहिलं होतं, 'बघून केलं आहे.' आजोबांनी ते दोनदा वाचलं. मुलांच्या चित्रांखाली तेही हेच लिहायचे. चाळीस वर्षांत फार थोड्या चित्रांखाली त्यांनी ते लिहिलं होतं.

पेंटर दुसरा हात संपवून ब्रश धूत होता. आजी आणि सूनबाई नव्या भिंतींसमोर उभ्या राहिल्या. बाई काहीतरी बोलतील म्हणून वाट बघत.

"रंग द्यायचाय का अजून?" बाईंनी विचारलं.

"झाला," आजी म्हणाली. "हाच नवा."

"छान आहे," बाई घाईनं म्हणाल्या. "अगदी घरासारखा."

मग त्या पाण्याचा रिकामा ग्लास ठेवायला आत निघाल्या आणि बोळात थांबल्या. ग्लास हातात तसाच राहिला. शेजारच्या खिडकीतून ऊन तिरकं येत होतं, आणि ती भिंत गुलाबी म्हणावी तर नारिंगी होती, नारिंगी म्हणावी तर तिच्या तळाशी जांभळं काहीतरी हसत होतं. बाईंनी डोकं तिरकं करून पाहिलं. मग ग्लास खाली ठेवून दोन पावलं मागे सरकून पाहिलं.

"हा कुठला रंग?" त्यांनी विचारलं. "संध्याकाळी पाच वाजता समोरच्या इमारतीवरून ऊन परत येतं ना, तसा आहे. सर, हाच मला माझ्या खोलीला हवा. पेंटर, याचा एक तुकडा करून द्याल?"

आजी आणि सूनबाई एकमेकींकडे बघू लागल्या. चिरंजीव भिंतीकडे असे बघू लागले, जणू ती त्यांनी आत्ताच पाहिली.

पेंटरनं ब्रश झटकला आणि हात पुसले.

"तुकडा देतो, बाई," तो म्हणाला. "पण तो रंग माझ्याच्यानं पुन्हा व्हायचा नाही. त्याला अर्धा दिवस लागतो, तीन माणसांचं भांडण लागतं आणि वेळेवर एक शिंक."